पंप बदलण्याआधी: जुन्या गाडीतलं इंधनाचं दुखणं कसं ओळखायचं

आजवर मी दोन फ्युएल पंप फुकट बदलले आहेत. गाड्या वेगळ्या, वर्षं वेगळी, पण दोन्ही वेळा काढून ठेवलेला जुना पंप ठणठणीत निघाला. पहिल्या गाडीत दोष टाकीच्या झाकणात होता, दुसरीत एका गंजलेल्या अर्थच्या वायरीत. दुरुस्तीला दोन्हीकडे दहा मिनिटंही लागली नाहीत. तिथपर्यंत पोचायला मात्र काही आठवडे गेले, कारण मी दोष शोधत नव्हतोच, नुसते सुटे भाग बदलत होतो.

जुन्या गाडीने इंधनाची कुरबुर सुरू केली की बहुतेक जण हेच करतात. आधी फिल्टर, मग पंप, मग कार्ब्युरेटर उघडून धुणं. गाडी काय करते हे सगळे सांगतात: झटके मारते, पिकअप नाही, मधेच बंद पडते. ती हे नेमकं कधी करते, हे मात्र कुणी धड सांगत नाही, आणि दोषाचा पत्ता तर त्या 'कधी'वरूनच लागतो. सकाळी थंड असताना की तापल्यावर? चढावर जोर मागितल्यावर की उभ्या उभ्या आयडलिंगला? टाकी भरलेली असताना की तळाला आल्यावर? बंद पडल्यावर लगेच सुरू होते की पंधरा मिनिटं थांबावं लागतं? पाना हातात घेण्याआधी आठवडाभर हे एका कागदावर टिपून ठेवा. मी टिपलं असतं तर पहिला पंप तरी वाचला असता.

इंधन जातं कसं

रस्ता तसा सरळ आहे. टाकीच्या तळाशी एक बारीक जाळी असते. तिच्यातून पंप पेट्रोल ओढतो, ते फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि शेवटी कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर ते हवेत मिसळायला देतो. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १ असावं लागतं. पेट्रोल त्याहून कमी पडलं तर मिश्रण लीन, जास्त झालं तर रिच. इंधनाच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या दोनपैकी एका खात्यात टाकता येतात.

या रस्त्यातली एक गोष्ट मात्र नीट डोक्यात बसवून घ्यायला हवी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनला लावलेला असतो. कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवते, आतला पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल टाकीकडून ओढलं जातं. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप ओढीखाली असतो आणि पंपाच्या पुढचा दाबाखाली. पुढचा पाइप फुटला तर पेट्रोल गळतं, वास येतो, कळतं. मागच्या रबरी पाइपला चीर गेली तर चालत्या गाडीत बाहेर थेंबही येत नाही. उलट हवा आत खेचली जाते. पंप हवा ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. गाडीखाली वाकून 'कुठेच गळत नाही' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे इथेच फसतात. वीस-पंचवीस वर्षांचा रबरी पाइप बोटांनी वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर पुढची चर्चा नको, तो बदला. फक्त नवा पाइप तुमच्या गाडीच्या दाबाला आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणाराच घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाइप इंजेक्शनच्या गाडीला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आगीचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते, त्यामुळे 'आज थंडी आहे' हा काही बचाव नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत, खड्ड्यात साचून राहते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते. काम मोकळ्या हवेत करा. पाइप सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. साधा काचेचा बल्ब असलेला हँडलॅम्प जवळ नको. तो फुटला की तापलेली तार उघडी पडते. पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या. आणि तोंडाने पेट्रोल ओढण्याचा तो जुना पराक्रम करू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

आधी खात्री करा: दोष इंधनाचाच ना?

ज्याला आपण कार्ब्युरेटरचा आजार समजतो तो पुष्कळदा इग्निशनचा, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचा, निघतो. जुनी कॉइल तापली की ठिणगी देणं थांबवते, निवली की परत देते. इंधनाच्या दोषाचंही हेच नाटक असतं. मग फरक ओळखायचा कसा?

बंद पडण्याच्या तऱ्हेकडे लक्ष द्या. ठिणगी गेली तर गाडी चावी फिरवल्यासारखी खटकन बंद होते. इंधन कमी पडलं तर ती आधी कुरकुरते, जोर सोडते, दोन-चार झटके मारते आणि मग मरते. कार्ब्युरेटरच्या गाडीला हाताने ओढायचा चोक (हवेची वाट अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) असेल तर तुमच्याकडे चालत्या गाडीतलं तपासणीयंत्रच आहे म्हणा. झटके सुरू झाले की चोक थोडा ओढा. गाडी सावरली तर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय किंवा जास्तीची हवा शिरतेय. चोक ओढल्यावर आणखी गुदमरली तर इंधन पुरेसं आहे, दुसरीकडे बघा.

गाडी बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी असतानाची पाच मिनिटं सोन्याची असतात. बहुतेक जण ती फोनवर घालवतात. इग्निशन बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या नरड्यात बघा आणि हाताने थ्रॉटलची, म्हणजे अॅक्सिलरेटरच्या पायाने हलणारी, दांडी झटक्यात उघडा. आतल्या भिंतीवरच्या बारीक नळीतून पेट्रोलची सणसणीत धार सुटली पाहिजे. ही धार अॅक्सिलरेटर पंपाची, म्हणजे पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्याच छोट्या पंपाची. ती फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर चालते; ही कार्ब्युरेटरची साठ्याची वाटी, तिची पातळी फ्लोट हा तरंगता तुकडा राखतो. धार जोरात आली तर वाटीत पेट्रोल आहे, म्हणजे टाकी, पंप, फिल्टर, झाकण हे सगळे बहुधा निर्दोष. आता प्लगची ठिणगी तपासा. दोन-तीनदा दांडी हलवूनही नळी कोरडीच राहिली तर वाटी रिकामी आहे आणि दोष कार्ब्युरेटरच्या मागे, टाकीच्या दिशेला आहे. एवढ्या एका हालचालीने निम्मी गाडी संशयातून सुटते. गाडी थंड होऊन पुन्हा सुरू झाल्यावर हेच करून काही उपयोग नाही. गुन्हा घडत असतानाच पकडावा लागतो.

इंजेक्शनच्या गाडीत अशी धार दिसत नाही. तिथे हवेच्या वाटेत थोडा ज्वलनशील स्टार्टिंग स्प्रे मारून सेल्फ मारतात. दोन सेकंद इंजिन पकडलं आणि मग मेलं तर ठिणगी आहे, इंधन नाही. पण तोंड लांब ठेवा. आणि ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला आत तापणारा प्लग) असलेल्या डिझेलवर हा प्रयोग चुकूनही नको. तापलेल्या प्लगवर स्प्रे भलत्या वेळी पेटतो आणि इंजिनची मोडतोड होते.

वीस मिनिटांनी बंद, थोडं थांबलं की सुरू

सगळ्यात छळणारी तक्रार ही. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, शहाण्यासारखी चालते, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी झटके मारून थांबते. जरा थांबलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. माझ्या पहिल्या गाडीचं हेच होतं. अशा गाडीत निदान चारजण संशयित असतात आणि चौघांची ओळख पटते ती गाडी पुन्हा सुरू व्हायला काय आणि किती लागतं त्यावरून.

पहिला, टाकीचं झाकण. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटक गटक करत अडखळत येतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तसंच. पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. जुन्या गाडीत ही हवा झाकणातल्या छोट्या छिद्रातून येते. ते धुळीने बुजलं की टाकीत निर्वात वाढत जातो आणि एका क्षणी पंपाची ओढ अपुरी पडते. गाडी उभी राहिली की हवा कुठूनतरी हळूहळू शिरते आणि गाडी पुन्हा चालू. मला हे कळलं ते योगायोगाने. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा काटा खोटा दाखवतोय का म्हणून मी झाकण उघडलं, आणि टाकीने चांगला पाच-सहा सेकंद 'सूंऽऽ' करून श्वास आत घेतला. पुढचे पाच किलोमीटर झाकण सैल ठेवून हळू चालवली. एक झटका नाही. नवा पंप तोवर तीन आठवड्यांचा झाला होता.

इथे एक पथ्य आहे. आवाज आत जाणाऱ्या हवेचा आहे की बाहेर येणाऱ्या वाफेचा, हे हात लावून ओळखा. तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर येणं साहजिक आहे. नंतरच्या गाड्यांत झाकण बंदच असतं आणि टाकी कोळशाच्या डब्यातून, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमधून, श्वास घेते. तिथे थोडासा आवाज चालतो, पण डबा किंवा त्याचा व्हॉल्व्ह तुंबला तर तक्रार हुबेहूब हीच.

दुसरा संशयित, व्हेपर लॉक. पेट्रोल हे पाण्यासारखं एकाच तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांलाच उकळू लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत टिकतात. मघाशी म्हटलेला ओढीखालचा पाइप आठवतो? दाब कमी तिथे उकळणं आणखी सोपं. तापलेल्या इंजिनजवळून जाणाऱ्या त्या पाइपात बुडबुडे होतात आणि पंप वाफ ढकलत बसतो. वाफ दबते, पुढे सरकत नाही. हा दोष वाहनांच्या रांगेत रखडताना दिसतो, किंवा गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून परत सुरू करताना. कारण बंद इंजिनची उष्णता वाहून न्यायला वारा नसतो. झाकण उघडून फरक पडत नाही, इंजिन निवावंच लागतं. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका. काही मिनिटांत गाडी सुरू झाली तर चोर सापडला. मग पाइप उष्णतेपासून लांब वळवणं, कुणीतरी काढून फेकलेली पत्र्याची उष्णतारोधक ढाल परत बसवणं, हे खरे उपाय. थोड्या प्रमाणात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल बाष्पीभवनाला जरा जास्तच तयार असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं सुरळीत चाललेल्या गाडीतही हे नव्याने सुरू होऊ शकतं.

तिसरा, टाकीतला कचरा. गंजाची पापुद्री, जुन्या लेपाचा तुकडा किंवा सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर तळात फिरत असतो. गाडी जोर मागते तेव्हा तो ओढला जाऊन जाळीवर चिकटतो. गाडी थांबली की ओढ संपते आणि तो खाली पडतो. म्हणून ही गाडी दोन-चार मिनिटांतच सुरू होते, गरम असली तरी. आणि सावकाश चालवली तर बंदच पडत नाही. जुना फिल्टर काढलात तर फेकू नका. ज्या तोंडातून पेट्रोल आत येतं त्या बाजूने तो पांढऱ्या फडक्यावर उलटा करून झटका. विटकरी भुकटी पडली तर टाकी आतून गंजते आहे, आणि नवा फिल्टर हा महिनाभराचा पाहुणा आहे.

चौथा म्हणजे ती कॉइल किंवा इग्निशनचा एखादा तापणारा भाग. तिथे धार येईल, ठिणगी येणार नाही.

कार्ब्युरेटर: उपासमार आणि अजीर्ण

कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक कामाला वेगळं छिद्र, म्हणजे जेट, आहे, आणि हीच निदानाची सोय आहे. आयडलिंगला गाडी टिकत नाही पण रेस दिली की छान चालते, तर स्लो जेट तुंबला आहे. आयडलिंग सुरेख पण वेगात दम नाही, तर मेन जेट किंवा फ्लोटची पातळी. पाय दाबल्याबरोबर एक खड्डा पडल्यासारखा होतो आणि मग उचलते, तर अॅक्सिलरेटर पंप. जेट साफ करायला तार घालू नका. पितळेच्या त्या भोकाचं माप ओरखड्यानेही बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

आयडलिंग बिघडण्याचं आणखी एक कारण म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून शिरणारी हवा. तिथे पेट्रोल पूर्ण आहे, हवाच जास्त आहे. मिश्रणाचा स्क्रू फिरवून ते झाकता येतं आणि बरेच जण झाकतातही. मग गाडी पेट्रोल पिते म्हणून ओरड.

अजीर्णाची लक्षणं वेगळी: पेट्रोलचा वास, काळा धूर, काळी कोरडी काजळी बसलेले प्लग. फ्लोटच्या वाटीवरची सुई कचऱ्यामुळे बसत नसेल तर पेट्रोल येतच राहतं. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून पाहा. आत खुळखुळ झाली तर त्याला छिद्र पडून तो जड झाला आहे, तरंगणार कसा? चोक अर्धवट अडकून राहणं तर इतकं साधं की कुणी बघतच नाही.

यांत्रिक पंपाचा एक दोष मात्र ताबडतोब गाडी थांबवण्यासारखा. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर तरी गळतं, नाहीतर सरळ इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी न भरता वाढली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप बदला आणि ऑइलही.

इंजेक्शनची गाडी: कान, व्होल्टमीटर, दाब

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत विजेवरचा पंप टाकीतच बुडालेला असतो. चावी ऑनवर आणली की साधारण दोन सेकंद मागून बारीक गुणगुण येते आणि थांबते. गाडी शांत ठिकाणी लावून ती ऐकण्याची सवय गाडी चांगली असतानाच करून घ्या. आवाजच नसेल तर पंपाकडे वळण्याआधी फ्युज आणि रिले बघा, आणि काही गाड्यांत धक्का लागला की पंप बंद करणारा एक स्विच असतो तोही. आवाज नाही पण वीज पोचते आहे, अशा वेळी कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलकेच ठोका. गाडी सुरू झाली तर पंपाची मोटर झिजली आहे. तिने एवढ्यापुरतं ऐकलं, पुढच्या वेळी ऐकेलच असं नाही.

आता माझ्या दुसऱ्या पंपाची गोष्ट. गुणगुण येत होती, गाडी गावात चालायची, चढावर मान टाकायची. मी पंप बदलला. नव्याचा जोर थोडा जास्त असेल, दोन आठवडे भागलं. मग तेच. शेवटी मल्टीमीटर लावला, आणि तोही आधी चुकीचा लावला. पंपाचा कनेक्टर काढून मोजलं तर बॅटरीइतके पूर्ण १२.६ व्होल्ट. इथेच घोळ होतो: मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. पाणी वाहत नसताना अर्धा तुंबलेला नळही पूर्ण दाब दाखवतो, तसं. कनेक्टर जोडून, पंप चालू ठेवून, मीटरचं एक टोक पंपाच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावलं. तिथे शून्याच्या जवळपास, फार तर ०.१-०.२ व्होल्ट यायला हवेत. आले २ च्या वर. मागच्या सीटखालचा अर्थचा बोल्ट काढला तर त्याखाली हिरवा-तपकिरी थर. सँडपेपरने घासला, परत कसला, झालं.

वीज ठीक असेल तर दाब मोजा. कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाला ०.२ ते ०.४ बार, म्हणजे ३ ते ६ पीएसआय पुरतात. इंजेक्शनला साधारण २.५ ते ४ बार लागतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, कारण अपवाद मोठे आहेत. १९७३ पासून आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक या यांत्रिक पद्धतीत दाब ५ बारच्या आसपास असतो. गेज लावण्याआधी पंपाचा फ्युज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो.

गेज नुसता आकडा सांगत नाही, गोष्ट सांगतो. परतीचा पाइप (जादा पेट्रोल टाकीकडे नेणारा) असलेल्या गाडीत रेग्युलेटरची, म्हणजे दाब ठरावीक राखणाऱ्या भागाची, व्हॅक्यूम नळी आयडलिंगला काढली की दाब अर्ध्या बारच्या आसपास वाढायला हवा. त्याच नळीत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फुटला आहे आणि इंजिन त्या वाटेने चोरून पेट्रोल पितं आहे. दाब कमी असेल तर परतीचा रबरी पाइप क्षणभर, अगदी क्षणभरच, दाबा. काटा झपकन चढला तर पंप धडधाकट, रेग्युलेटर ढिला. चढला नाही तर फिल्टर किंवा पंप. आणि आयडलिंगला दाब ठीक दिसला म्हणून गाठ सुटली असं समजू नका. गेज काचेला चिकटवून चढावर नेऊन बघावा लागतो, कारण पंपाची खरी परीक्षा प्रवाहाची असते.

सकाळी किंवा तासाभराने सुरू करताना खूप सेल्फ मारावा लागतो, एरवी गाडी झकास? मग चावी ऑन करा, दोन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पटकन सुरू झाली तर पाइपातला दाब रात्रभरात उतरतो आहे. पंपातला एकेरी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा टपकणारा इंजेक्टर. टपकणाऱ्या इंजेक्टरचा प्लग ओला सापडतो.

उलट, पेट्रोल फार पिणाऱ्या इंजेक्शन गाडीत मी आधी इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बघतो. तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो: बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तापल्यावर दोन-तीनशे. त्याची वायर तुटली की संगणकाला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि तो इमानेइतबारे जादा पेट्रोल ओतत राहतो. इंजेक्टर बिचारे हुकमाचे ताबेदार.

गाडीला ओबीडी-२ हे संगणकाचे दोष वाचायचं सॉकेट असेल (अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं) तर साधा स्कॅनरही फ्युएल ट्रिम दाखवतो. ट्रिम म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा संगणकाला किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय त्याचा हिशोब. पी ०१७१ हा कोड आला की लोक ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरावरून मिश्रणाची खबर देणारा सेन्सर, बदलतात. तो कोड फक्त 'मिश्रण लीन आहे' एवढंच सांगतो, आणि निरोप आणणाऱ्यालाच शिक्षा होते. त्याऐवजी ट्रिम दोनदा वाचा. आयडलिंगला अधिक २२ आणि २५०० आरपीएमला अधिक ४? तर कुठूनतरी हवा शिरते आहे; चोरवाटेची हवा तेवढीच राहते, पण इंजिन जास्त हवा घेऊ लागलं की तिचा वाटा नगण्य होतो. आयडलिंगला अधिक ३ आणि चढावर अधिक २०? तर पेट्रोलच कमी पडतंय. हवेचा घोळ मुळाशी आणि पेट्रोलचा घोळ शिखराशी, असं मी लक्षात ठेवतो.

उभ्या गाडीचं पेट्रोल

महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी सुरू करताना पंप-बिंप सोडा, आधी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल पाणी शोषतं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून फुटून खाली बसतो. पंपाचं तोंड असतं तळाशीच. पेट्रोल गडद झालं असेल आणि वास व्हार्निशसारखा आंबूस येत असेल तर हलके घटक उडून गेले आहेत. ते नव्या पेट्रोलमध्ये मिसळून खपवू नका, काढून टाका. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटा करतं, म्हणून अशा गाडीला सुरुवातीला लागोपाठ दोन फिल्टर लागले तर नवल नाही.

डिझेलबद्दल थोडक्यात

जुन्या डिझेलचा शत्रू एकच, हवा. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी झाल्यावर गाडी सुरू होत नाही, तेव्हा मेकॅनिक 'एअर घेतली' म्हणतो ते हेच. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा: पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, ग्लो प्लग किंवा कॉम्प्रेशन बघा, धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. पंपाआधीच्या वाटेत हातभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हँड प्रायमरने हवा काढा, आणि फिल्टरखालचं पाणी सोडायला विसरू नका. कॉमन रेल गाडीचे (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या डिझेलचे) इंजेक्टरकडचे पाइप मात्र चालू इंजिनवर कधीही सैल करायचे नाहीत. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, धार कातडी भेदून आत जाते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

दुरुस्ती झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा; ओल डोळ्याआधी कागदाला कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पुन्हा फिरवा, कारण रबर थंडीत आकसतं आणि तेव्हा गळतं. मग आठवडाभर टिपलेला तो कागद काढा आणि गाडी ज्या परिस्थितीत बंद पडायची तीत मुद्दाम न्या: तोच चढ, तेवढंच पेट्रोल, दुपारची तीच वेळ.